दुसरें मत

परीक्षक होण्याची हौस मनुष्याला उपजतच असते कीं काय, कोण जाणे! गाणें येणारीं माणसें थोडीं, गाणें कळणारीं त्याहूनहि थोडीं. पण दुसऱ्याच्या गाण्याला दहांपैकीं किती गुण द्यावे हें सांगतां येत नाहीं असा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं. मराठी ‘सा रे ग म प’ मधील लहान मुलांचें पर्व २००९ सालीं गाजल्यापासून आमच्याकडे तर बालगायकांच्या स्पर्धांना ऊतच आला आहे. त्यामुळें गेल्या गणेशोत्सवांत आमच्या डोंबिवलीच्या वसाहतींतील मंडळी मुलांच्या भावगीत-स्पर्धेसाठीं मला परीक्षक म्हणून बोलवावयास आली, तेव्हां मीं रीतीप्रमाणें दोनदां ‘छे, छे’ म्हटलें आणि तिसऱ्या वेळीं होकार दिला. मला गाण्यांतलें काय कळतें हें त्यांनीं विचारलें नाहीं, आणि मींहि तो विषय काढला नाहीं. कल्याण गायन समाजाच्या बैठकींना मांडी घालून बसावें आणि ठाण्यास पंडित राम मराठे यांच्या नांवानें होणाऱ्या संगीत-महोत्सवाला शेवटच्या गाडीची वेळ सांभाळीत हजेरी लावावी, एवढीच काय ती माझी पात्रता.

अडचण पुढेंच होती. स्पर्धकांच्या यादींत नववें नांव माझ्या नातीचें होतें.

मीं तें कार्यवाहांच्या नजरेस आणून दिलें. ते हंसून म्हणाले, “काका, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.” हें वाक्य कानाला मोठें गोड लागतें, परंतु ज्याच्यावर तें येऊन पडतें त्याच्या मानेवर जूंच ठेवलें जातें. त्या घटकेपासून मी गाण्याचा परीक्षक उरलों नाहीं. मी माझ्याच निःपक्षपातीपणाचा परीक्षक झालों. त्या संध्याकाळीं मांडवांत काय घडलें तें सांगण्यासाठींच हें लिहावयास बसलों आहें. पण तें एकदम सांगण्याचा धीर होत नाहीं, म्हणून थोडें दुरून येतों. दुरून म्हणजे बरेंच दुरून—युरोपांतून! कारण त्या संध्याकाळनंतर ‘आपल्या माणसाला गुण द्यावे कीं न द्यावे’ या प्रश्नानें मला असें पछाडलें, कीं ज्या स्पर्धेंत राष्ट्रेंच्या राष्ट्रें याच प्रश्नाशीं झटत आलीं आहेत, त्या ‘युरोव्हिजन’ गीत-स्पर्धेचा इतिहास मी वाचीत सुटलों.

या स्पर्धेचा जन्म मोठ्या विलक्षण काळांतला आहे. दुसऱ्या महायुद्धांत एकमेकांचीं शहरें बेचिराख करणाऱ्या राष्ट्रांच्या हातीं दहा-अकरा वर्षांनंतर दूरचित्रवाणी हें नवें खेळणें आलें होतें. त्यांच्या प्रक्षेपण-संस्थांनीं १९५० सालीं आपला एक संघ स्थापन केला होता. अनेक देशांत एकाच वेळीं एकच कार्यक्रम दाखवितां येतो कीं नाहीं, हें पाहण्यास त्यांना कांहीं तरी निमित्त हवें होतें. इटलींत सानरेमो येथें १९५१ पासून गाण्यांचा एक महोत्सव भरत असे. तोच नमुना समोर ठेवून २४ मे १९५६ या दिवशीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें सात देशांची पहिली स्पर्धा भरली. प्रत्येक देशाचीं दोन गाणीं आणि प्रत्येक देशाचे दोन परीक्षक, असा बेत होता. कालपरवांपर्यंत ज्यांच्या तोफा बोलत होत्या त्यांनीं आतां गाण्यांनीं एकमेकांशीं बोलावें, ही कल्पना कुणाच्याहि मनाला भुरळ घालील अशीच आहे.

पण गंमत पुढेंच आहे. त्या वर्षीं परीक्षकांना आपल्याच देशाच्या गाण्यासहि गुण देण्याची मोकळीक होती. लक्झेंबर्गचे परीक्षक तर आलेच नव्हते. त्यांच्या वतीनें यजमान स्विस परीक्षकांनींच मतें दिलीं. आणि विजयी कोण झालें? स्वित्झर्लंडचीच गायिका लीस आसिया! कुणाला किती गुण पडले हें त्या रात्रीं जाहीर झालें नाहीं, आणि आजतागायत झालेलें नाहीं. लीस आसियाचें गाणें त्या चौदा गाण्यांत सर्वोत्तम नव्हतें, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. कदाचित् तें सर्वोत्तमच असेल. पण तसें असेल तर त्या बिचारीवर केवढा अन्याय झाला! तिचा विजय निर्भेळ होता हें आतां कुणालाच सिद्ध करतां येणार नाहीं. पक्षपातानें हरणाऱ्याचें नुकसान होतें हें आपण सारेच जाणतों. जिंकणाऱ्याचेंहि होतें, हें मात्र फारसें कुणाच्या ध्यानांत येत नाहीं.

पुढच्याच वर्षीं फ्रँकफुर्ट येथें स्पर्धा भरली, तोंवर दोन सुधारणा झाल्या होत्या. निरनिराळ्या देशांतून दूरध्वनीवरून येणारे गुण सर्वांच्या देखत फलकावर मांडावयाचे, ही एक. आणि कोणत्याहि देशानें आपल्या स्वतःच्या गाण्यास मत द्यावयाचें नाहीं, ही दुसरी. हा दुसरा नियम जवळजवळ सत्तर वर्षें टिकून आहे. तो वाचला तेव्हां मला त्या परदेशी परीक्षकांचा मनापासून हेवा वाटला. ‘निःपक्षपाती राहा’ असा उपदेश तो नियम करीतच नाहीं. तो एवढेंच म्हणतो, कीं बाबा रे, हा प्रश्न तुझ्यापुढें येणारच नाहीं. तूं आपला निश्चिंतपणें दुसऱ्यांचीं गाणीं ऐक. मनुष्याच्या सद्‌बुद्धीची वरचेवर परीक्षा पाहण्यापेक्षां तिला मधून मधून विसांवा देणें अधिक शहाणपणाचें असतें, हें आमच्या कार्यवाहांना कुणीं तरी सांगावयास हवें होतें. मलाहि!

अर्थात् मनुष्याचें मन मोठें बेरकी आहे. बांध घातला म्हणून पाणी थांबत नाहीं. तें बाजूनें वाट काढतें. १९७५ सालापासून त्या स्पर्धेंत प्रत्येक देश आपल्या पहिल्या पसंतीच्या गाण्यास बारा गुण देतो. ग्रीस आणि सायप्रस यांनीं ते बारा गुण एकमेकांच्या पदरांत टाकावे, हा तर तिकडील प्रेक्षकांच्या नेहमींच्या थट्टेचा विषय होऊन बसला आहे. सख्ख्या भावाला देतां येत नाहींत ना? मग चुलत भावाला द्या! १९६९ सालीं माद्रिद येथें तर स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना अगदीं सारखेच गुण पडले. कोंडी फोडणारा नियम कुणीं केलेलाच नव्हता, त्यामुळें चौघांनाहि विजयी म्हणून जाहीर करावें लागलें. सोळा गाण्यांत चार पहिलीं!

याच्या उलट प्रकारहि त्या इतिहासांत आहेत, आणि माझ्या मनाला अधिक टोंचतात ते हेच. १९७४ सालीं इंग्लंडांतील ब्रायटन येथें स्वीडनच्या ‘ॲबा’ या चौघांच्या मेळानें ‘वॉटर्लू’ हें गाणें म्हटलें आणि स्पर्धा जिंकली. पुढें या मंडळींचें नांव साऱ्या जगांत गाजलें. पण त्या रात्रीं यजमान ब्रिटनच्या परीक्षकमंडळानें त्या गाण्याला एक गुणहि दिला नव्हता! आणि थोड्याच आठवड्यांत तेंच गाणें ब्रिटनमधील खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. परीक्षकांच्या कानांना जें ऐकूं आलें नाहीं तें रस्त्यावरच्या माणसाला ऐकूं आलें. १९७८ सालीं पॅरिस येथें नॉर्वेच्या यान टाइगेन या गायकाला सगळ्या देशांनीं मिळून शून्य गुण दिले. नॉर्वेच्या लोकांनीं काय करावें? त्यांनीं तें गाणें डोक्यावर घेतलें. आणि पुढें २००३ च्या अखेरीस लंडन येथें ‘वर्ल्ड आयडॉल’ म्हणून निरनिराळ्या देशांतील विजेत्या गायकांची एक स्पर्धा झाली, तींत पहिला आला तो नॉर्वेचाच कुर्त निल्सेन. हा गृहस्थ पूर्वीं नळजोडणीचें काम करीत असे! गुणपत्रिका लिहिणाऱ्यांनीं रोज सकाळीं उठून आठवावीं अशीं हीं नांवें आहेत.

आपल्याकडे हें सारें फार उशिरा आलें. मुंबईचें दूरदर्शन केंद्रच मुळीं २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९९५ सालीं ‘सा रे ग म’ आलें तेव्हां सोनू निगम निवेदन करी, जाणकार मंडळी गुण देत, आणि आमच्यासारख्यांचें काम ऐकण्याचें असे. पुढें युरोपाप्रमाणें येथेंहि प्रेक्षकांच्या हातीं मत आलें. तिकडे १९९७ सालीं पांच देशांनीं दूरध्वनीवरून जनतेचें मत घेण्याचा प्रयोग केला होता. पुढच्याच वर्षीं तो बहुतेक देशांनीं उचलला. आणि २००९ पासून अंतिम फेरींत निम्मीं मतें जाणकारांचीं व निम्मीं लोकांचीं अशी तडजोड करण्यांत आली. आपल्याकडे ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्याच पर्वांत मोबाइलवरून मतांचा पाऊस पडला, आणि मार्च २००५ मध्यें मुंबईचा अभिजीत सावंत विजयी झाला.

ते दिवस मला चांगले आठवतात, कारण त्या वेळीं मी रोज सकाळीं डोंबिवलीहून नोकरीसाठीं मुंबईस जात असें. आमच्या डब्यांत एक भजनी मंडळ होतें. गाडी सुटली कीं टाळ वाजूं लागत, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जाई, आणि ठाणें येईपर्यंत अभंग चांगला रंगांत येई. शेजारीं लोंबकळणारा गुजराती व्यापारी ताल धरी. दाराशीं उभा असलेला एक तमिळ कारकून, ज्याला अभंगाचा एक शब्दहि कळत नसे, तो डोळे मिटून मान डोलावी. एखादे दिवशीं बुवांचा आवाज बसलेला असे. म्हणून त्यांचा नंबर कधीं खालीं गेला नाहीं, कारण तेथें नंबरच नव्हते. परंतु त्या फेब्रुवारी-मार्चांत त्याच डब्यांत टाळांच्याहि वर एक नवा स्वर ऐकूं येऊं लागला: “काय हो, तुम्ही किती संदेश पाठवलेत?”

मीं अकरा पाठविले होते. आणि खरें सांगावयाचें तर अंतिम फेरींतील गाणीं चालूं होतीं तेव्हां मी पलीकडच्या खोलींत जेवीत होतों. सावंत कसा गातो, हा प्रश्न माझ्यापुढें नव्हताच. तो सावंत होता, एवढें मला पुरे होतें. तो खरोखरच चांगला गाणारा निघाला ही त्याची पुण्याई. माझ्या अकरा संदेशांचें त्यांत कांहीं श्रेय नाहीं.

यापुढची गोष्ट मात्र मला अजून अस्वस्थ करते. डिसेंबर २००७ मध्यें इंडोनेशियांत जाकार्ता येथें ‘एशियन आयडॉल’ नांवाची स्पर्धा झाली. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम अशा सहा देशांचे सहा गायक तींत होते. भारताकडून गेला होता तो आपला अभिजीत सावंतच. घराघरांतून प्रेक्षकांनीं मतें द्यावयाचीं होतीं. येथें युरोपांतल्यासारखी आपल्या माणसाला मत देण्याची बंदी नव्हती. परंतु एक युक्ति केलेली होती. प्रत्येक संदेशांत दोन गायकांचीं नांवें देणें भाग होतें. एक आपल्या माणसाचें नांव दिलें, तरी दुसरें परक्या देशांतल्या माणसाचें द्यावेंच लागे.

मीं मोबाइल हातांत घेतला, ‘अभिजीत’ हें नांव लिहिलें आणि थांबलों. दुसरें कुणाचें लिहूं? बाकीच्या पांचहि जणांचीं गाणीं होऊन गेलीं होतीं. मी दूरचित्रवाणीच्या समोरच बसलों होतों. पण त्यांच्यापैकीं एकाचेंहि गाणें माझ्या कानांत शिरलें नव्हतें. दुसऱ्याच्या लग्नांत मनुष्य जसा जेवणाची वेळ होण्याची वाट पाहत बसतो, तसा मी त्या गाण्यांच्या मधल्या वेळांत बसलों होतों. शेवटीं यादीवर नजर फिरवून एक नांव उचललें आणि संदेश रवाना केला. दुसऱ्या दिवशीं निकाल लागला. सिंगापूरचा हादी मिर्झा विजयी झाला. आम्ही चार दिवस हळहळलों आणि विसरून गेलों. मीं दिलेलें दुसरें नांव हादी मिर्झाचें होतें कीं आणखी कुणाचें, हें आज मला आठवतहि नाहीं.

पण थोडा विचार केला तर काय दिसतें? पहिलें मत जो तो आपल्याच माणसाला देणार, हें उघड होतें. मग निकाल ठरावयाचा तो त्या दुसऱ्या मतावर, असें मला आतां वाटतें. म्हणजे पहिलें मत हें निव्वळ प्रेमाचें. खरें मत तें दुसरेंच! तेंच कानानें द्यावयाचें असतें. आणि तेंच मीं डोळे झांकून दिलें. सहा देश एका व्यासपीठावर आले, पांच परक्या भाषांतील आवाज माझ्या घरांत आले, आणि मीं त्यांना पाणीसुद्धां विचारलें नाहीं. पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें मॉस्कोजवळ ‘इंटरव्हिजन’ स्पर्धा भरली. १९७७ ते १९८० या काळांत पोलंडांत सोपोत येथें जी पूर्व युरोपांतील राष्ट्रांची स्पर्धा होत असे, तिचेंच हें पुनरुज्जीवन. तींत भारताचाहि गायक होता, आणि जिंकला व्हिएतनामचा. परंतु ती ऐकलेला एकहि गृहस्थ मला डोंबिवलींत भेटला नाहीं. मीहि ती ऐकली नव्हती, म्हणून कुणाला नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं.

आतां मांडवांतली गोष्ट सांगावयास हरकत नाहीं.

गुणपत्रिकेंत चार रकाने होते: सूर, ताल, शब्दोच्चार आणि भाव, प्रत्येकीं दहा गुण. माझी नात पी. सावळाराम यांचें एक भावगीत म्हणणार होती. ज्या ठाण्याचें नगराध्यक्षपद त्यांनीं भूषविलें त्या ठाण्याच्या आसपास राहणाऱ्या आम्हां लोकांना त्यांचीं गाणीं घरचींच वाटतात. तिनें पेटीच्या स्वरांत आपला स्वर मिळविला, आणि माझ्या मनांत हिशेब सुरू झाला. सुरांत आठ दिले तर लोक काय म्हणतील? सात दिले तर फार कमी होतील का? शेजारीं बसलेल्या बाई माझ्या कागदाकडे पाहत आहेत काय? या विवंचनेंत तिचें ध्रुवपद झालें, अंतरा झाला, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दोघां परीक्षकांनीं भावाच्या रकान्यांत तिला आठ आणि नऊ गुण दिले, हें मागाहून कळलें. मीं सहा दिले होते.

अकरावी मुलगी आमच्या पलीकडच्या इमारतींतील एका तमिळ कुटुंबांतली होती. परभाषिक मुलगी मराठी भावगीत म्हणते आहे, तेव्हां तिला प्रोत्साहन दिलेंच पाहिजे, असें ती व्यासपीठावर चढण्यापूर्वींच मीं मनाशीं ठरवून टाकलें होतें. माझ्या मनाच्या मोठेपणावर मीच खूष झालों आणि भावाच्या रकान्यांत नऊ लिहिले. तिचा पहिला क्रमांक आला. माझी नात दोन गुणांनीं मागें राहिली.

रात्रीं घरीं आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं ताट वाढतां वाढतां एकच वाक्य उच्चारलें: “अहो, परका परीक्षक असता तर पोरीला न्याय मिळाला असता.” मीं त्यावर तत्त्वाचीं चार वाक्यें बोलून दाखविलीं. आपल्या माणसाच्या बाबतींत अधिक कठोर असावें, वगैरे वगैरे. पण खरा घाव पुढें बसला. नात माझ्याजवळ येऊन बसली. ती रुसलेली नव्हती. रुसली असती तर बरें झालें असतें. तिनें अगदीं शिकावयाच्या इच्छेनें विचारलें, “आजोबा, माझं कुठं चुकलं? अंतऱ्यांत का?”

मला उत्तर देतां येईना. कुठें चुकलें तें मला ठाऊकच नव्हतें. मी तिचें गाणें ऐकलेंच नव्हतें! समोर चार हातांवर बसून, हातांत लेखणी घेऊन, मी फक्त स्वतःला ऐकत होतों. आणि दुसऱ्या मुलीला जे नऊ गुण दिले तेहि तिच्या गाण्याला नव्हते; ते माझ्या औदार्याला होते. लीस आसियाची आठवण पुढें वाचनांत आली तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें ती पलीकडच्या इमारतींतली मुलगीच उभी राहिली. तिचें पहिलें बक्षीस कदाचित् निर्भेळ असेल. पण तें तसें आहे असें सांगण्याची सोय मीच ठेवली नव्हती. एकीला मीं पक्षपाताच्या भीतीनें बुडविलें आणि दुसरीला दयेचें बक्षीस देऊन खालीं ओढलें. जाकार्ताच्या वेळीं निदान पहिलें मत तरी प्रेमाचें होतें. येथें दोन्ही मतें बहिरीं होतीं.

त्यानंतरच्या रविवारीं मीं नातीला सांगितलें, कीं त्या मुलीला दुपारीं चहाला बोलाव. ती आली, बरोबर तिची आईहि आली. पेटी काढली. मीं हातांत कागद घेतला नाहीं, चष्माहि काढून ठेवला. आधीं पाहुणीनें म्हणावें असें ठरलें. तिचा ‘ळ’ आमच्यापैकीं अनेकांहून स्वच्छ होता. तमिळमध्यें तो वर्ण आहे, हें तिच्या आईनें मला सांगेपर्यंत माझ्या डोक्यांत आलें नव्हतें. सुराला ती पक्की होती. शब्दांच्या अर्थाशीं मात्र ती अजून थोडी दुरून बोलत होती. मग नातीनें म्हटलें. तिनें अंतरा घाईनें घेतला. श्वास पुरेल कीं नाहीं या भीतीनें ती ओळीच्या शेवटीं पळत होती. पण ध्रुवपदाला परत येतांना तिच्या आवाजांत असें कांहीं तरी आलें, कीं स्वयंपाकघरांतली भांडीं थांबलीं. ते सहा गुण मला त्या क्षणीं फार बोंचले.

गाणें संपल्यावर नातीनें खट्याळपणें विचारलें, “मग आजोबा, आतां किती गुण?”

“मला विचारूं नकोस,” मीं म्हटलें. “तिचं गाणं कसं झालं तें तूं सांग, आणि तुझं कसं झालं तें ती सांगेल.”

दोघी एकमेकींकडे पाहून प्रथम लाजल्या. मग पाहुणी हळूच म्हणाली, “अंतऱ्याला तूं एवढी पळतेस कां? मी मागें राहिलें ना!” नातीनें तें मान्य केलें आणि एका शब्दाचा अर्थ तिला समजावून सांगूं लागली. तो अर्थ सांगतां सांगतां तिला स्वतःलाच तो नीट येत नाहीं असें आढळून आलें, आणि दोघी मिळून मला विचारावयास आल्या. मग पुन्हां पेटी पुढें ओढली गेली. सांज झाली, फडके रस्त्यावर निघालेल्या मंडळींची खालीं वर्दळ सुरू झाली, तरी त्यांचें तें चालूंच होतें. माझा चहा निवून गेला होता.